गोळा कुठे पडला ते सांगा: कोर्समेटला प्रामाणिक फीडबॅक देताना

मी तोफखान्यातला. नोकरीची सुरुवातीची वर्षं ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर गेली आणि शेवटची काही वर्षं तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सवर डीएस म्हणून, म्हणजे शिकवणारा आणि मार्क देणारा अधिकारी म्हणून. या दोन कामांत किती साम्य आहे हे मला बरंच उशिरा उमगलं.

तोफा लक्ष्यापासून कित्येक किलोमीटर मागे, टेकडीआड असतात. तोफेवरच्या माणसाला आपला गोळा कुठे पडला ते दिसत नाही. ते दिसतं ओपीवरच्या अधिकाऱ्याला. तो रेडिओवर सांगतो, "राइट १००, ॲड ४००." शंभर मीटर उजवीकडे, चारशे मीटर पुढे. पुढचा गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला तर "ड्रॉप २००". मग शंभर, मग पन्नास, आणि मग सगळ्या तोफा एकदम. "फायर भिकार आहे" असं ओपीवरून कोणी कळवत नाही, कारण ते ऐकून नळी किती आणि कुठे फिरवायची? स्फोट खळग्यात गेला, धुरात दिसलाच नाही, तर तो "अनऑब्झर्व्ड" म्हणून मोकळा होतो. अंदाजाने दुरुस्ती देत नाही.

कोर्सवर ज्याच्याकडे कमांडची पाळी असते, तो तोफेवर असतो. आपला आवाज मागच्या माणसापर्यंत पोचला का, आपण चिडलो तेव्हा सिंडिकेटमधले, म्हणजे आपल्या गटातले, चेहरे कसे झाले, आपण निर्णय घ्यायला किती वेळ लावला, हे त्याला आतून दिसत नाही. डीएसला थोडंच दिसतं, कारण डीएस आला की सगळेच सावरून बसतात. पहाटे तीन वाजता, पावसात, डीएस झोपलेला असताना तो माणूस कसा वागतो ते फक्त त्याच्या कोर्समेट्सना माहीत असतं. म्हणून पिअर फीडबॅकला, म्हणजे सोबत्यांच्या मताला, माझ्या लेखी डीएसच्या शेऱ्याइतकंच वजन आहे. अमेरिकेच्या मरीन कोअरमधल्या अधिकारी उमेदवारांवर दुसऱ्या महायुद्धात झालेला एक अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला. पुढे लढाईत कोण चांगला अधिकारी ठरेल याचा सोबत्यांनी बांधलेला अंदाज इतर मोजमापांपेक्षा अधिक खरा ठरल्याचं त्यात आढळलं. डीएस झाल्यावर मी कोर्सच्या पहिल्याच दिवशी हे सांगायचो, आणि त्यामागे एक जुना सल होता.

मी स्वतः कॅप्टन असताना एका कोर्सवर होतो. आमच्या सिंडिकेटमधला एकजण माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत मांडलेल्या जमिनीच्या नमुन्यावर, ऑर्डर देताना तो मॉडेलच्या कडेला एका गुडघ्यावर बसायचा, काठीने जागा दाखवायचा, आणि बोलताना त्याची हनुवटी छातीला टेकलेली असायची. आवाज सरळ वाळूत जायचा. पुढे बसलेल्यांना ऐकू यायचं, ते हाताच्या अंतरावर होते. मी मागे असायचो. दोन वेळा त्याचं शेवटचं वाक्य मला शेजाऱ्याला विचारावं लागलं. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "कसं झालं रे?" आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "मस्त."

तिसऱ्या वेळी रात्रीचा एक्सरसाइज होता. तो कंपनी कमांडर, आम्ही तिघं प्लाटून कमांडर. ऑर्डर संपत आल्या आणि रेडिओवर बदल आला: एच-अवर, म्हणजे हल्ला सुरू करायची वेळ, ०४३० ऐवजी ०४००. त्याने तो सांगितला, पण मान खाली घालून, नकाशाच्या कडेला लिहिलेली वेळ खोडता खोडता. मी त्या रात्री जवळ होतो, मला ऐकू आलं. डाव्या प्लाटूनच्या कमांडरला आलं नाही. चार वाजता आम्ही स्टार्ट लाइन, म्हणजे जिथून हल्ला सुरू होतो ती रेषा, ओलांडली तेव्हा आमची डावी बाजू उघडी होती. ती प्लाटून अजून फॉर्मिंग अप प्लेसच्या, म्हणजे हल्ल्याआधी जमायच्या जागेच्या, वाटेवरच होती.

सराव होता, कोणाला काही झालं नाही. त्याची ती अपॉइंटमेंट, म्हणजे कमांडची पाळी, मात्र गेली. आठवड्याने पिअर रेटिंगचे, म्हणजे सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करायचे, फॉर्म आले आणि त्याच्या नावापुढे मी लिहिलं, "संवादकौशल्य कमकुवत." डीएसनी नावं न घेता शेरे वाचून दाखवले. त्या रात्री तो माझ्या दारात आला. शेरा कोणाचा ते त्याने ओळखलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "हे तुला कधीपासून दिसत होतं?"

मी खरं ते सांगितलं. तो काही न बोलता दार ओढून निघून गेला.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो, आणि डीएस झाल्यावर तो प्रत्येक सिंडिकेटला घालून दिला. जे तोंडावर सांगितलं नाही, ते फॉर्मवर लिहायचं नाही. कोर्समेटला त्याच्याबद्दलची कुठलीही गोष्ट कागदावर पहिल्यांदा वाचायला मिळाली, तर चूक लिहिणाऱ्याची. यापुढे जे लिहिलंय ते हा नियम पाळता यावा म्हणून आहे.

आधी वहीत, मग तोंडात

खिशात नोटबुक असतंच. मागची चार पानं फीडबॅकसाठी ठेवा आणि प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी टिपा: वेळ व जागा, तो काय बोलला किंवा त्याने काय केलं, आणि त्यामुळे काय झालं. विशेषण लिहायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही. मी नव्या अधिकाऱ्यांच्या वह्या पाहायचो तेव्हा पहिल्या आठवड्यात पानभर विशेषणंच असायची: "गोंधळलेला", "ओव्हरकॉन्फिडंट", "ॲटिट्यूड आहे", "कमांड प्रेझेन्स नाही".

"कमांड प्रेझेन्स नाही" हा शेरा मी किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. ज्याला तो मिळतो त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करायचं? लिहिणाऱ्याला मी विचारायचो, "तुला काय दिसलं ते सांग." खोदत गेलं की खाली काहीतरी सापडायचं. "सर, सार्जंटने दोन पर्याय सांगितले तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. साधारण मिनिटभर. मग सार्जंटनेच ठरवलं." झालं, हे लिहा. यावर तो माणूस काम करू शकतो.

तसंच, "तू घाबरला होतास" हा तुमचा अंदाज आहे. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला दिसलेलं नाही. "तुझा आवाज बारीक झाला आणि मागच्या दोघांनी 'पुन्हा सांगा' म्हटलं" हे दिसलेलं आहे. अंदाज सांगितलात की तो तुमच्याशी वाद घालणार, आणि त्याचं बरोबरही असेल. कदाचित त्याचा घसा बसला होता. दिसलेलं सांगितलंत तर वादाला फारशी जागा उरत नाही.

आणि जे स्वतः पाहिलं नाही, त्यावर बोलायचं नाही. "सगळे म्हणतात की तू..." या शब्दांनी सुरू होणारं वाक्य अर्ध्यावर सोडा. सगळे म्हणत असतील तर सगळ्यांना तोंड आहे. तुम्ही त्या वेळी दुसऱ्या टोकाला सेंट्रीवर होतात, तर सरळ सांगा, "मी नव्हतो, मला माहीत नाही."

नोंद करताना स्वतःचीही एक तपासणी करा. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने सैन्यातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या वरिष्ठांनी दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण होते, पण आकडे एकमेकांशी संशय यावा इतके जुळत होते. रुबाबदार दिसणारा माणूस आपोआप बुद्धिमान आणि चारित्र्यवानही ठरत होता. हॅलो इफेक्ट हे नाव या कामातून रूढ झालं, आणि ते सैन्याच्याच कागदांवरून पडलं हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्यात तो आजही आहे. जो दहा किलोमीटर रूटमार्चला पहिला येतो, त्याच्या ढिसाळ ऑर्डर आपण खपवून घेतो. जी अधिकारी कमी बोलते, तिच्या चोख नियोजनाकडे लक्ष जात नाही. हेच वागणं माझ्या जवळच्या मित्राचं असतं तर मी हेच लिहिलं असतं का, हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारा. उत्तर "नाही" असं आलं तर नोंद खोडा, नाहीतर मित्राच्या पानावरही तीच लिहा.

कधी आणि कुठे

एक्सरसाइज संपल्यावर लगेच सांगू नका. तो भिजलेला असतो, भुकेलेला असतो, पाठीवर अजून पिट्टू, म्हणजे सामानाची पिशवी, असतो. हत्यारं साफ होऊ द्या, पोटात काही जाऊ द्या. पण त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, आणि कसंही करून त्याच्या पुढच्या अपॉइंटमेंटच्या आधी सांगा. मी "मस्त" म्हणून जे दोन मोके घालवले, ते असेच होते.

योजनेबद्दलचं बोलणं सिंडिकेटसमोर करायला हरकत नाही, त्यासाठी आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू आहेच: काय व्हायचं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. अमेरिकन सैन्याने ही पद्धत घडवली आणि आता जगभरात वापरतात. तिची ताकद या चार प्रश्नांच्या क्रमात आहे. "का" आधी विचारलात की लोक बचावाला लागतात, म्हणून आधी सगळ्यांनी "काय झालं" यावर एकमत करायचं. पण माणसाच्या स्वभावाबद्दल, सवयीबद्दल काही सांगायचं असेल तर एकट्याला गाठा. जवानांसमोर तर कधीच नाही, थट्टेतही नाही. समोरासमोर खुर्च्या मांडून बसण्यापेक्षा शेजारी चालत बोलणं मला नेहमी सोपं गेलं. डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत, आणि शांतता पडली तर ती अवघड होत नाही.

काय बोलायचं

आधी विचारा. "काल रात्रीबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. आता सांगू की संध्याकाळी?" हा शिष्टाचार वाटेल, पण ज्याने स्वतः "सांग" म्हटलं तो ऐकायला तयार असतो. मग त्यालाच पहिल्यांदा बोलू द्या: "तुला स्वतःला कसं वाटलं?" निम्म्या वेळा तो तुमची गोष्ट स्वतःच सांगतो, आणि तुमचं काम फक्त "हो, मलाही तेच दिसलं" म्हणण्याचं उरतं.

माझ्या कोर्समेटला मी पहिल्या वेळीच काय सांगायला हवं होतं ते मी नंतर वहीत लिहून काढलं. ते असं:

"आज ऑर्डर देताना तू मॉडेलकडे बघून बोलत होतास. मी मागच्या रांगेत होतो. कोऑर्डिनेशनचा भाग मला ऐकू आला नाही, मला शेजाऱ्याला विचारावं लागलं. रात्री, वाऱ्यात, हीच गोष्ट वेळेबद्दल झाली तर प्लाटून चुकेल. बोलताना मान वर ठेवलीस आणि शेवटी एकाला एच-अवर परत म्हणायला लावलास तर?"

मोठ्याने वाचून बघा, अर्ध्या मिनिटात संपतं. प्रसंग, वागणं, परिणाम, आणि एक करण्याजोगी सूचना. यात तो कसा माणूस आहे याबद्दल एक अक्षर नाही. अर्ध्या मिनिटाच्या या बोलण्यासाठी मी दोनदा धीर केला नाही.

एका वेळी एकच गोष्ट सांगा. वहीत सात असल्या तरी ज्यामुळे काम बिघडलं किंवा बिघडेल ती निवडा. तोफेलाही आधी मोठी दुरुस्ती देतात, पन्नास मीटरचा हिशोब नंतर.

चांगल्या दोन गोष्टींमध्ये एक वाईट लपवून सांगायची पद्धत बरेचजण शिकवतात. मला ती पटत नाही. चार वेळा तसं झालं की कौतुक ऐकताच माणूस पुढच्या फटक्याची वाट बघायला लागतो, आणि तुमचं खरं कौतुकही वाया जातं. कौतुक वेगळं करा, वेगळ्या वेळी करा, आणि तेही तितक्याच नेमकेपणाने. "शाब्बास, छान" याने कोणी काही शिकत नाही. "दुसरा स्काउट पडला तेव्हा तू थांबलास, दहा सेकंद बघितलंस आणि मग हुकूम दिलास. त्यामुळे सेक्शन शांत राहिलं," असं सांगितलंत तर ती दहा सेकंदं तो जन्मभर सांभाळेल.

फीडबॅक दिला म्हणजे भलंच होतं, असंही धरून चालू नका. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली या विषयावरच्या जुन्या अभ्यासांचे ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी खालावली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की नुकसान होतं. "तू असा आहेस" हे वाक्य नेमकं तेच करतं.

फॉर्मवर

पिअर रेटिंगमध्ये क्रम लावावा लागतो, आणि कोणीतरी शेवटचा येतो. अमेरिकेच्या रेंजर स्कूलमध्ये सोबत्यांच्या मूल्यमापनात फार खाली गेलेला माणूस पुढच्या टप्प्यात जाण्यापासून अडवला जाऊ शकतो. इतकी जोखीम नसली तरी कुठल्याही कोर्सवर हा कागद जड असतो, आणि म्हणूनच दोन गोष्टी हमखास घडतात. एक, सिंडिकेट रात्री बसून ठरवतं की सगळ्यांनी सगळ्यांना चांगलंच द्यायचं. दोन, सगळे मिळून कोणा एकट्या पडलेल्याला तळाला टाकतात, म्हणजे बाकीचे वाचतात. दोन्हींना नकार द्या. पहिल्यात सामील होणं मैत्री वाटते, पण तिथेच तुमचा मित्र आपली चूक तशीच घेऊन युनिटमध्ये जातो, आणि तिथे त्याच्या मागे खरी प्लाटून असते. दुसरी गोष्ट सरळ अन्याय आहे. तुमच्या सिंडिकेटमध्ये ती शिजत असेल तर त्याच खोलीत उठून बोला.

ज्याला तुम्ही शेवटचा ठेवणार आहात, त्याला फॉर्म भरण्याच्या आधी भेटा. "मी तुला खाली ठेवतोय, या दोन प्रसंगांमुळे, आणि ते मी तुला तेव्हाच सांगितले होते." हे बोलायचा धीर होत नसेल तर बहुतेक तुमच्याकडे प्रसंग नाहीत, नुसती नावड आहे. मग क्रम बदला.

काही गोष्टी मात्र फीडबॅकच्या नाहीतच. भरलेलं हत्यार बेपर्वाईने हाताळणं, खोटा रिपोर्ट देणं, कोणाचा छळ, ज्युनिअरवर हात टाकणं. इथे आधी शेजारी चालत बोलायचं नाही, वही काढायची नाही. धोका तिथल्या तिथे थांबवायचा आणि त्याच दिवशी वर कळवायचं. तसंच, कोणी रात्र रात्र झोपत नाही, जेवत नाही, तुटक बोलायला लागलाय असं दिसलं तर त्याच्या कमांडची समीक्षा बाजूला ठेवा, त्याच्याजवळ बसा, आणि त्याला मेडिकल ऑफिसरकडे स्वतः घेऊन जा.

तुमची पाळी आल्यावर

ऐकणाऱ्यासाठी रेडिओचीच शिस्त. ओपीने दुरुस्ती दिली की पलीकडचा ती शब्दशः परत म्हणतो, मगच पुढे. कोर्समेटने काही सांगितलं की परत म्हणा: "म्हणजे मी मान खाली घालून बोललो आणि तुला वेळ ऐकू आली नाही, बरोबर?" कारणं देऊ नका, रेडिओ खराब होता, वेळ कमी होता, असलं काही नाही. उदाहरण मिळालं नसेल तर मागा. पटलं नाही तरी "विचार करतो" म्हणा आणि खरंच करा. दुसऱ्या कोणाला तरी तीच गोष्ट दिसली का ते विचारा. तोफखान्यातही एकाच ओपीला सगळी जमीन दिसत नाही.

सांगणाऱ्याचं काम अजून संपलेलं नसतं. दुरुस्ती दिल्यावर पुढचा गोळा बघायचाच असतो. त्याच्या पुढच्या अपॉइंटमेंटला मुद्दाम तिथे उभे राहा जिथून ती चूक दिसली होती, आणि काय बदललं ते त्याच संध्याकाळी सांगा. हे बहुतेकजण करत नाहीत, आणि मग ऐकणाऱ्याला आपला मागचा बदल लागू पडला की नाही ते कळतच नाही.

माझा तो कोर्समेट माझ्याशी दहा दिवस कामापुरतंच बोलला. मग शेवटच्या मोठ्या एक्सरसाइजला तो पुन्हा कंपनी कमांडर झाला. मी त्याच्या दारावर गेलो आणि विचारलं, "ऑर्डरच्या वेळी मी कुठे उभा राहू?" तो जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सगळ्यात मागे. ऐकू आलं नाही तर हात वर कर."

त्या रात्री वारा होता. मी सगळ्यात मागे, एका झाडाला टेकून उभा राहिलो. एकदा हात वर केला, त्याने मान वर करून वाक्य पुन्हा म्हटलं. शेवटी त्याने सर्वांत मागच्या सेक्शन कमांडरकडे बोट दाखवलं आणि एच-अवर विचारला. उत्तर बरोबर आलं. सकाळी ट्रकमध्ये चढताना मी त्याला तेवढंच सांगितलं, की मागे, झाडापाशी, एक सोडून सगळं ऐकू आलं. त्याने वही काढली आणि विचारलं, "ते एक कुठलं?"